आटे

डाव्या मडगार्डाला अकरा बोल्ट, असं पुस्तकात आहे.
काढताना निघाले सात बोल्ट, दोन खिळे, एक तार,
आणि एका भोकातून वाइनच्या बाटलीचं बूच,
त्यावर रंगाचे तीन थर.
सासऱ्यांचं काम.
तेव्हा म्हणे साल्तोत बोल्ट मिळायचे नाहीत,
वाइन मिळायची.

बूच मी फेकलं नाही. ते खिशात आहे.

गाडी प्यूजो चारशे तीन. आधी राखाडी,
मग निळी, मग संत्र्यांच्या पेट्या वाहून वाहून
कुठल्याच रंगाची नाही.
आता पुन्हा राखाडी. एकेक पत्रा सुटा रंगवून
गॅरेजभर ब्लँकेटांवर निजवलाय,
आणि मेबल दारातूनच विचारते,
पाय कुठे ठेवू?

बोल्टाला आधी मेण. मग सपाट वायसर, मग रबराचा.
दोन पत्र्यांमध्ये काळी गोट लावायची,
परकराला लावतात तशी.
नाहीतर पत्रे घासतात, रंग जातो,
आणि गंजाला काही आमंत्रण लागत नाही.

आणि मुख्य म्हणजे, आवळायचं नाही.
एकेक बोल्ट दोन आटे धरेल इतकाच.
मडगार्ड सैल लोंबू द्यायचं,
दाराशी फट बघायची, बॉनेटशी बघायची,
गुडघ्यानं जरा रेटायचं, पुन्हा बघायचं.
एकाला घाईनं आवळलं
तर शेवटच्याचं भोक समोरच येत नाही.
रेल्वेच्या वर्कशॉपात छत्तीस वर्षं
पोरांना हेच सांगितलं,
आणि घरी येऊन आवळत राहिलो.

दहा लागले.
अकरावा दाराच्या बिजागरीमागे.
आतल्या पिंजऱ्यातला नट सुटलेला,
बोल्ट फिरवला की तोही फिरतो,
हो ला हो करणाऱ्या माणसासारखा.
त्याला आतून पाना लावून धरायला हवं,
बाहेरून दुसऱ्यानं फिरवायला हवं,
आणि माझे हात दोनच, तेही एकाच बाजूला.

मेबल काही बोलली नाही. फोन उचलला.
तासाभरानं दार्दोची मोपेड फाटकात.

नऊ वर्षं. कारण, एक वेल्डिंग मशीन.
मी नेलं तेव्हा चालू होतं, असं तो म्हणतो.
आणलं तेव्हाच त्याला जळका वास होता, असं मी म्हणतो.
सुंभ जळतं आणि पीळ राहतो.
आमचं तर सुंभही नव्हतं, कॉइल होती.

त्यानं टोपी काढून स्टिअरिंगवर अडकवली.
एकाहत्तराव्या वर्षी पाय दाराबाहेर ठेवून
पेडलांखाली उताणा झाला.
मला फक्त बूट दिसत होते
आणि ऐकू येत होता श्वास.

धरलास?
धर म्हटलंस कुठे.
धर.
धरला.
फिरतोय.
थांब. आता?
आता नाही.

मग मी बाकीचे आवळले. आधी वरचा, मग खालचा,
मग मधला, प्रत्येकाला अर्धा अर्धा वेढा.
तो आतच पडून होता, सांगितलं नव्हतं तरी.

बाहेर आल्यावर त्यानं काडेपेटीतली काडी काढली,
फटीतून वरून खाली ओढत नेली.
खाली जास्त आहे, म्हणाला.
आहे, मी म्हणालो.
दोघांनी बराच वेळ त्या फटीकडे पाहिलं.
तिच्याकडे पाहता येत होतं.

बूच दाखवलं तेव्हा त्यानं आधी वास घेतला,
इतक्या वर्षांत कसला वास राहणार.
नखानं राखाडी खरवडलं, खालून निळा आला.
मग ते त्याच्या खिशात गेलं.
त्यानं मागितलं नाही. मी दिलं असंही नाही.

उद्या उजवं मडगार्ड.
रात्री टॉर्च घेऊन तिथला अकरावा नट पाहिला.
पिंजरा शाबूत, नट घट्ट,
हे एकट्याचं काम आहे.

मेबलला हे सांगितलेलं नाही.